प्रथिनांचे पेशीअंगकांकडे वहन

पेशीद्रव्यात तयार झालेली प्रथिने केंद्रक, तंतुकणिका, हरितलवक, पेरॉक्सिझोम, आंतर्द्रव्यजालिका, लयकारिका इत्यादी पेशीअंगकांत किंवा पेशीच्या बाहेर, म्हणजे आपापल्या कार्याच्या ठिकाणी, पोहोचण्याच्या प्रक्रियेस प्रथिनांचे वहन किंवा प्रथिन-लक्ष्यीकरण असे म्हणतात. दृश्यकेंद्रकी पेशीत हजारो प्रकारची प्रथिने असतात. त्यांपैकी जवळजवळ सर्वांची निर्मिती पेशीद्रव्यातील रायबोझोमवरच सुरू होते. तंतुकणिका व हरितलवक यांच्याकडे स्वतःचे डीएनए आणि रायबोझोम असतात. परंतु मानवी तंतुकणिकेचे डीएनए केवळ १३ प्रथिनांची माहिती साठवते आणि उरलेली हजाराहून अधिक प्रथिने तिला बाहेरून आणावी लागतात. पेशीअंगकांभोवतीची मेद पटले प्रथिनांना सहजासहजी आत येऊ देत नाहीत. त्यामुळे कोणते प्रथिन कोठे जावे हे ठरवणारी खूण आणि ते पटलापार नेणारी यंत्रणा या दोन्ही गोष्टी पेशीला आवश्यक ठरतात.

ही खूण प्रथिनाच्या अमिनो आम्लांच्या क्रमातच असते. प्रथिनाचा पत्ता प्रथिनावरच लिहिलेला असतो, असे या विषयाचे मध्यवर्ती तत्त्व सांगता येते. ते यीस्टपासून मानवापर्यंत सर्व दृश्यकेंद्रकी सजीवांना लागू आहे. म्हणून या लेखातील मुख्य उदाहरणे प्रयोगशाळेतील पेशींऐवजी सांगली जिल्ह्यातील शिराळ्याच्या आणि सह्याद्रीच्या परिसरातील परिचित सजीवांची, म्हणजे नाग, ऊस व काजवा यांची घेतली आहेत.

शोधाचा इतिहास

जॉर्ज पॅलेड यांनी स्वादुपिंडाच्या पेशींना किरणोत्सारी अमिनो आम्ले देऊन नव्या प्रथिनांचा माग काढला. ही प्रथिने प्रथम खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेत, मग गॉल्गी संकुलात, नंतर स्रावकणांत आणि शेवटी पेशीबाहेर दिसली. या कामाबद्दल त्यांना १९७४ मध्ये अल्बर्ट क्लॉड व ख्रिश्चन द डूव्ह यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. मार्ग कळला होता. परंतु स्रवण्याची प्रथिने या मार्गाला लागतात आणि इतर प्रथिने लागत नाहीत ते का, हा प्रश्न तसाच राहिला.

पॅलेड यांच्या प्रयोगशाळेत आलेले गुंटर ब्लोबेल यांनी डेव्हिड सबातिनी यांच्यासह १९७१ मध्ये असे सुचवले, की स्रवणाऱ्या प्रथिनाच्या सुरुवातीच्या टोकाशीच काही संकेत असावा. त्या वेळी याला प्रायोगिक आधार जवळपास नव्हता. पुढच्याच वर्षी केंब्रिजमध्ये सेसार मिलस्टाइन व सहकाऱ्यांना प्रतिपिंडाच्या हलक्या साखळीबाबत एक विसंगती आढळली. परीक्षानळीत तयार केलेली साखळी ही पेशीतून प्रत्यक्ष स्रवणाऱ्या साखळीपेक्षा थोडी लांब भरत होती. जास्तीचा तुकडा अमिनो टोकाशी होता. १९७५ मध्ये ब्लोबेल व बर्नहार्ड डॉबरस्टाइन यांनी परीक्षानळीत रायबोझोम, संदेशवाहक आरएनए आणि आंतर्द्रव्यजालिकेची पटले एकत्र करून दाखवले, की हा तुकडा म्हणजेच संकेत होय आणि साखळी पटलापार होत असताना तो कापला जातो. ‘प्रथिनांच्या अंगी त्यांचे वहन व स्थान ठरवणारे संकेत असतात’ या शोधाबद्दल ब्लोबेल यांना १९९९ चे शरीरक्रियाविज्ञान वा वैद्यकाचे नोबेल पारितोषिक एकट्याला देण्यात आले.

मिलस्टाइन यांच्या नमुन्यातील प्रथिन प्रतिपिंड होते, हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढे सर्पदंशाच्या संदर्भात तो पुन्हा येतो.

नागाच्या विषग्रंथीतील वहन

शिराळा, ज्याला बत्तीस शिराळा असेही म्हणतात, हे गाव नागपंचमीसाठी सर्वदूर ओळखले जाते. पूर्वी येथे श्रावणात शिवारातून नाग पकडून त्यांची पूजा व मिरवणूक होत असे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आणि मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे या प्रथेवर निर्बंध आले. नागाच्या डोळ्यामागे दोन्ही बाजूंना एकेक विषग्रंथी असते. बोलीत तिला विषाची थैली म्हणतात. हा शब्द थोडा दिशाभूल करणारा आहे, कारण थैलीत केवळ साठा होतो, तर ही ग्रंथी प्रथिने घडवून त्यांची रवानगी करणारा कारखाना आहे. पेशीविज्ञानाच्या दृष्टीने ती पॅलेड यांच्या स्वादुपिंडाची जवळची नातलग ठरते.

भारतीय नागाचा जनुकसंच २०२० मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ३३ कुलांतील १३९ विषजनुके ओळखण्यात आली. नागदंशानंतर पापण्या मिटू लागतात आणि श्वसनाचे स्नायू लुळे पडतात, ते प्रामुख्याने ‘त्रि-अंगुली विष’ या कुलातील छोट्या प्रथिनांमुळे. घडी घातलेल्या साखळीतून तीन बोटांसारखी वेटोळी पुढे आलेली असतात, म्हणून हे नाव. पूर्ण झालेले प्रथिन साधारण ६० ते ७४ अमिनो आम्लांचे असते. परंतु जनुकात त्याच्या आधी सुमारे २१ अमिनो आम्लांचा आणखी एक तुकडा लिहिलेला असतो, जो विषात कधीच सापडत नाही. हेच त्याचे संकेत-पेप्टाइड. त्याचा मधला भाग जलविरोधी, म्हणजे पाण्यापासून दूर राहू पाहणाऱ्या अमिनो आम्लांचा असतो.

विषप्रथिनाची साखळी रायबोझोममधून डोकावू लागली, की संकेत-पेप्टाइड सर्वांत आधी बाहेर येते. पेशीद्रव्यातील ‘संकेत-ओळख कण’ त्याला धरतो. हा कण सहा प्रथिने व एक आरएनए रेणू यांचा बनलेला असतो. त्याने पकड घेताच साखळीची वाढ मंदावते आणि रायबोझोमसह सारा लवाजमा आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलावरील ग्राहीकडे नेला जातो. तेथे सेक-६१ नावाच्या प्रथिनाची नलिका असते. रायबोझोम तिच्या तोंडाशी बसतो, वाढ पुन्हा सुरू होते आणि साखळी जसजशी तयार होते तसतशी पटलापार सरकते. पलीकडे असलेले विकर संकेत-पेप्टाइड कापून टाकते. साखळी पूर्ण होण्याआधीच तिचा प्रवास सुरू झालेला असतो, म्हणून या प्रकाराला सह-भाषांतरी वहन म्हणतात. खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेचा खडबडीतपणा म्हणजे असे कामात गुंतलेले रायबोझोमच होत.

जालिकेच्या आत साखळीला घडी पडते. त्रि-अंगुली विषात चार किंवा पाच डायसल्फाइड बंध असतात. सिस्टीन या अमिनो आम्लाच्या जोड्या गंधकाच्या अणूंनी एकमेकींशी जोडल्या जाऊन हे बंध तयार होतात आणि इतक्या लहान प्रथिनाला टणकपणा देतात. पेशीद्रव्यात असे बंध सहसा टिकत नाहीत. जालिकेतील वातावरण मात्र त्यांना अनुकूल असते. योग्य जोड्या जुळवण्याचे काम प्रथिन डायसल्फाइड आयसोमरेझ हे विकर करते. त्यामुळे वहन आणि घडण या येथे वेगळ्या पायऱ्या मानता येत नाहीत. चुकीच्या कप्प्यात राहिलेले विष नीट घडणारही नाही.

घडी पूर्ण झालेली विषप्रथिने पटलाच्या छोट्या पुटिकांत भरून गॉल्गी संकुलाकडे जातात आणि तेथून स्रावकणांत पोहोचतात. आयसोमरेझही त्यांच्यासोबत वाहून जाऊ शकते. पण त्याच्या कार्बॉक्सिल टोकाशी लायसिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल व ल्युसिन या चार अमिनो आम्लांची खूण असते. ती ओळखून गॉल्गीतील ग्राही त्याला जालिकेत परत पाठवतो. माल पुढे जातो, कारागीर मागे राहतो. पुटिकांच्या या वाहतुकीमागील जनुके रँडी शेकमन यांनी यीस्टमध्ये १९७९ पासून शोधून काढली. त्यांना जेम्स रॉथमन व थॉमस स्यूडहोफ यांच्यासह २०१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

घोणशीच्या कुळात विष मुख्यतः ग्रंथीच्या मोठ्या पोकळीत साठते. नागाच्या कुळात पेशींमधील स्रावकणांतही बराच साठा असतो. साठा रिकामा झाला, की पेशी पुन्हा कामाला लागतात. पॅलेस्टाइनमधील घोणशीच्या एका जातीवर १९७० च्या दशकात झालेल्या अभ्यासात असे दिसले, की विष काढून घेतल्यानंतर स्रावी पेशींतील प्रथिननिर्मितीचा वेग वाढत जातो आणि सुमारे आठवडाभरात शिगेला पोहोचतो.

नागाला स्वतःच्या विषाची बाधा का होत नाही, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याच्या उत्तराचा एक भाग वहनात आहे. आंतर्द्रव्यजालिकेची पोकळी ही रचनेच्या दृष्टीने पेशीच्या ‘बाहेरची’ जागा असते. विषप्रथिन एकदा पटल ओलांडून तेथे गेले, की पुढे जालिका, गॉल्गी, स्रावकण आणि ग्रंथीची पोकळी या साऱ्या प्रवासात त्याला दुसरे पटल ओलांडावे लागत नाही. पुटिका एका अंगकापासून सुटते व दुसऱ्यात मिसळते; आतला ऐवज पेशीद्रव्याला स्पर्शही करत नाही.

प्रतिसर्पविषाची कथा येथेच जोडलेली आहे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी सुमारे ५८,००० मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासात मांडला आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर चालणारे प्रतिसर्पविष घोड्यांपासून मिळवतात. महाराष्ट्रात या कामाशी मुंबईतील हाफकिन संस्थेचे नाव दीर्घकाळ जोडलेले आहे. घोड्याला विषाच्या अल्प मात्रा टोचल्यावर त्याच्या शरीरातील प्लाझ्मा पेशी विषाला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड स्रवतात. प्रतिपिंडाच्या साखळ्यांनाही अमिनो टोकाशी संकेत-पेप्टाइड असते. मिलस्टाइन यांना आढळलेला जास्तीचा तुकडा तोच. त्यांचे डायसल्फाइड बंधही जालिकेतच जुळतात आणि तीही गॉल्गी संकुलातूनच बाहेर पडतात. नागाच्या ग्रंथीत विष ज्या मार्गाने जाते, त्याच मार्गाने घोड्याच्या पेशीत त्यावरील उतारा जातो.

तंतुकणिका व हरितलवके: उसाचे पान

तंतुकणिका व हरितलवके यांची रीत वेगळी आहे. त्यांची प्रथिने पेशीद्रव्यात बहुधा पूर्ण तयार होतात आणि मगच आत घेतली जातात. तंतुकणिकेकडे जाणाऱ्या अनेक प्रथिनांच्या अमिनो टोकाशी धनप्रभारित अमिनो आम्लांचा, एका बाजूने जलस्नेही व दुसऱ्या बाजूने जलविरोधी असा सर्पिल तुकडा असतो. बाह्य पटलावरील ‘टॉम’ व आंतरपटलावरील ‘टिम’ ही प्रथिन-संकुले साखळीला उलगडलेल्या स्थितीत आत घेतात. आंतरपटलाच्या आतील बाजूवर ऋणप्रभार असतो, तो या धनप्रभारित टोकाला खेचतो. पुढची ओढ आतील सोबती प्रथिने एटीपी खर्च करून देतात. या यंत्रणेच्या उलगड्यात गॉटफ्रिड शॅट्झ व वॉल्टर नॉयपर्ट यांचा वाटा मोठा आहे.

हरितलवकासाठीच्या संकुलांना ‘टॉक’ व ‘टिक’ म्हणतात आणि टोकावरील खुणेला संक्रमण-पेप्टाइड. याचे अभिजात उदाहरण म्हणजे कार्बन डायऑक्साइड स्थिर करणारे रुबिस्को हे विकर. त्याचे आठ मोठे घटक हरितलवकाच्या स्वतःच्या जनुकावरून आतच तयार होतात. आठ लहान घटकांची जनुके मात्र केंद्रकात असतात. ते पेशीद्रव्यात लांब पूर्वरूपात तयार होतात, दोन पटले ओलांडतात, संक्रमण-पेप्टाइड गमावतात आणि मग मोठ्या घटकांशी जुळतात. १९७८ मध्ये परीक्षानळीत सुट्या हरितलवकांनी हा लहान घटक आत घेतल्याचे दाखवण्यात आले. एकाच विकराचे दोन भाग दोन ठिकाणी का घडावेत, याचे उत्तर उत्क्रांतीत आहे: हरितलवक मुळात स्वतंत्र नीलहरित जीवाणू होते व त्यांची बहुतेक जनुके कालांतराने यजमान पेशीच्या केंद्रकात गेली.

वारणा-मोरणेच्या खोऱ्यातील उसाच्या पानात या वहनाला आणखी एक पदर आहे. को ८६०३२ असो किंवा पाडेगाव केंद्राचा फुले २६५, प्रत्येक उसाच्या पानात हिरव्या पेशी दोन प्रकारच्या असतात. बाहेरच्या मध्योतक पेशी हवेतील कार्बन प्रथम चार कार्बनच्या आम्लात बांधतात आणि शिरांभोवतीच्या पूलआवरण पेशी तो मोकळा करून रुबिस्कोकडे देतात. या चतुष्कार्बनी पद्धतीचा उलगडा उसावरच झाला. हवाईतील कोर्टशॅक व सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये आणि ब्रिस्बेन येथील हॅच व स्लॅक यांनी १९६६ मध्ये त्याविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुबिस्को मुख्यतः पूलआवरण पेशींच्या हरितलवकांत असते, तर पायरुव्हेट फॉस्फेट डायकायनेज हे विकर प्रामुख्याने मध्योतकाच्या हरितलवकांत. दोन्हींची खूण ‘हरितलवक’ एवढेच सांगते. कोणत्या पेशीचे हरितलवक, हे ती सांगत नाही. तो निर्णय त्या त्या पेशीत कोणते जनुक चालू आहे यावर मुख्यतः अवलंबून असतो. पाठ्यपुस्तकांतील ‘पत्त्या’च्या उपमेची मर्यादा येथे दिसते.

उसाच्या कांडीतील साखर मूलोतक पेशींच्या रिक्तिकेत साठते. रिक्तिकेतील प्रथिने हरितलवकाच्या वाटेने जात नाहीत. ती नागाच्या विषाप्रमाणे आंतर्द्रव्यजालिकेत शिरतात आणि पुढे वेगळ्या खुणेमुळे रिक्तिकेकडे वळतात.

केंद्रक

केंद्रकाच्या आवरणात मोठी रंध्रे असतात. सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांच्या शेकडो प्रती मिळून एक रंध्र बनते. लहान प्रथिने त्यातून आपोआप जातात. मोठ्या प्रथिनांना केंद्रक-संकेत लागतो, जो अनेकदा लायसिन व आर्जिनिन यांचा छोटा पट्टा असतो. इम्पॉर्टिन हा वाहक तो ओळखतो आणि केंद्रकात रॅन या प्रथिनाच्या साहाय्याने माल सोडतो. येथे प्रथिन घडी घातलेल्या स्थितीतच जाते आणि संकेत कापला जात नाही. याला व्यावहारिक कारण आहे: अनेक दृश्यकेंद्रकी सजीवांत पेशीविभाजनावेळी केंद्रकाचे आवरण विरघळते, आतली प्रथिने विखुरतात आणि त्यांना पुन्हा आत जावे लागते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात या रंध्राच्या एनयूपी-३५८ या घटकावर संशोधन झाले आहे.

पेरॉक्सिझोम आणि काजवा

पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीत झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकतात. त्या प्रकाशाला कारणीभूत असलेले ल्युसिफेरेझ हे विकर काजव्याच्या प्रकाशपेशींतील पेरॉक्सिझोममध्ये असते. सुरेश सुब्रमणी व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील काजव्याचे हे जनुक माकडाच्या पेशींत घातले, तेव्हा तेथेही ल्युसिफेरेझ थेट पेरॉक्सिझोममध्ये गेले. हा निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. कीटकाची खूण सस्तन प्राण्याच्या पेशीने वाचली होती. पुढे प्रथिन टप्प्याटप्प्याने छाटून पाहता असे निष्पन्न झाले, की कार्बॉक्सिल टोकाची सेरीन, लायसिन व ल्युसिन ही अवघी तीन अमिनो आम्ले पुरेशी आहेत. ती दुसऱ्या प्रथिनाला जोडली तर तेही पेरॉक्सिझोममध्ये जाते. पेरॉक्सिझोम घडी घातलेली प्रथिनेच नव्हे, तर अनेक प्रथिनांची जुळलेली संकुलेही आत घेऊ शकतो.

पत्ता चुकल्यास

वहनातील दोषांमुळे होणारे काही आजार या तत्त्वाचे सर्वांत स्पष्ट पुरावे आहेत. त्यांतील सर्वांत बोलका म्हणजे प्राथमिक हायपरऑक्झॅलुरिया, पहिला प्रकार. मानवी यकृतातील एजीटी हे विकर पेरॉक्सिझोममध्ये ग्लायॉक्झिलेट या पदार्थाची विल्हेवाट लावते. काही रुग्णांत दोन लहान बदल एकत्र येतात. अकराव्या जागी प्रोलीनऐवजी ल्युसिन आल्याने अमिनो टोकाशी तंतुकणिकेची दुबळी खूण तयार होते. १७० व्या जागी ग्लायसीनऐवजी आर्जिनिन आल्याने प्रथिनाची घडण मंदावते आणि त्या दुबळ्या खुणेला वाव मिळतो. परिणामी बहुतांश विकर तंतुकणिकेत जाऊन बसते. त्याची कार्यक्षमता बऱ्याच अंशी शाबूत असते, परंतु ज्या पदार्थावर काम करायचे तो दुसऱ्या अंगकात असतो. ग्लायॉक्झिलेटचे ऑक्झॅलेट होते, मूत्रपिंडात खडे साचतात आणि अनेक रुग्णांत मूत्रपिंडे निकामी होतात. केवळ मूत्रपिंड बदलून मूळ दोष जात नाही, कारण तो यकृतात असतो.

आय-सेल आजारात लयकारिकेकडे जाणाऱ्या विकरांना गॉल्गी संकुलात लागणारी मॅनोज-६-फॉस्फेटची खूण लागत नाही. पेशीतील लयकारिकांत ही विकरे पोहोचत नाहीत आणि तीच विकरे रक्तात मोठ्या प्रमाणात सापडतात. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या उत्परिवर्तनात ५०८ व्या जागचे एक अमिनो आम्ल गळालेले असते. प्रथिनाला नीट घडी पडत नाही, आंतर्द्रव्यजालिका ते अडवून नष्ट करते आणि पेशीपटलावर ते क्वचितच पोहोचते. झेलवेगर लक्षणसमूहात दोष एखाद्या प्रथिनाच्या खुणेत नसून पेरॉक्सिझोमच्या आयात-यंत्रणेतच असतो.

चार पटलांचे अंगक

हिवतापाचा परजीवी प्लाझ्मोडियम आणि त्याचा नातलग टोक्सोप्लाझ्मा यांच्या पेशीत एपिकोप्लास्ट नावाचे, हरितलवकाशी नाते असलेले पण हिरवेपणा गमावलेले अंगक असते. त्याच्याभोवती चार पटले असतात. तेथे जाणाऱ्या बहुतेक प्रथिनांच्या टोकाशी दोन खुणा एकापुढे एक जोडलेल्या असतात: प्रथम आंतर्द्रव्यजालिकेचा संकेत, जो वर नागविषात पाहिला, आणि तो कापला गेल्यावर उघडे पडणारे हरितलवकासारखे संक्रमण-पेप्टाइड. परजीवीला या अंगकावाचून जगता येत नाही आणि मानवी पेशीत ते नसते, म्हणून औषधांचे लक्ष्य म्हणून त्याच्याकडे पाहिले जाते.

या क्षेत्रात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील स्वाती पाटणकर यांच्या प्रयोगशाळेचे काम उल्लेखनीय आहे. टोक्सोप्लाझ्मातील एक ऑक्सिडीकरणरोधी विकर एपिकोप्लास्ट आणि तंतुकणिका या दोन्ही ठिकाणी जाते. त्याच्या अमिनो टोकाची खूण दोन्ही प्रकारे वाचली जाऊ शकेल इतकी संदिग्ध असल्याचे या प्रयोगशाळेने २०१९ मध्ये दाखवले. एजीटीमधील संदिग्ध खूण रोग निर्माण करते. येथे तशीच संदिग्धता एकाच जनुकाकडून दोन अंगकांची गरज भागवून घेते.